उलांडी नसलेली होडी

मंडळी, दोन महिने इथे काहीच लिहिलं नाही म्हणून दोघी-तिघींनी काळजीने विचारलं. प्रकृती ठणठणीत आहे. माहेरी, मालवणात होते, आणि तिथे मुक्काम लांबण्याचं कारण ऐकलंत तर हसाल. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी एका नव्या मोटारबोटीची चाचणी घ्यायला गेले होते. म्हणजे चाचणी घेणारे दुसरेच, मी घड्याळ धरून बसणारी. पण बसले होते, हे महत्त्वाचं! मुलाने फोनवर "आई, तू नक्की काय करते आहेस तिथे?" असं तीनदा विचारलं. त्याला आणि बाकीच्यांना एकदाच उत्तर म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते.

माझं माहेर दांडीचं. ज्यांनी मालवण पाहिलंय त्यांना दांडीचा किनारा आठवत असेल. समोर पद्मगड, त्याच्या पलीकडे सिंधुदुर्ग, आणि मधल्या पाण्यात जागोजागी खडक. आमचे वडील मासेमारी करत, त्यांच्यानंतर दादाने तेच केलं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पन्नास वर्षं तांडेल म्हणून समुद्रावर गेलेला माणूस. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मासेमारीत फार रमला नाही. बारा वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर पर्यटकांना डॉल्फिन दाखवत तारकर्ली-देवबागच्या फेऱ्या मारत राहिला. आता त्याला स्वतःची बोट हवी होती. सिंधुदुर्ग किल्ला २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून तर त्याने धोशाच लावला होता.

बोट ठरली सव्वीस फुटांची, फायबरची, मागे साठ-साठ हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. सगळं मिळून खर्च वीस लाखांच्या घरात. एक तृतीयांश पैसे भाच्याने साठवलेले, ते आगाऊ दिले. बाकीचं कर्ज, आणि कर्जाला जामीन दादा, तारण राहतं घर. बोट बांधणाऱ्याशी करार असा की चाचणी समाधानकारक झाली तरच उरलेले पैसे द्यायचे, नाहीतर बोट त्याने परत न्यायची. आणि दादाचं म्हणणं असं की चाचणी झाल्याशिवाय मी कर्जाच्या कागदावर सही करणार नाही. बाप-लेकात बोलणं जवळजवळ बंद होतं. वहिनीचा फोन आला, "तुम्ही येवा. तुमचा ऐकतत." मी गेले. (कोण ऐकतं ते पुढे कळेलच!)

वहिनीची भीती वेगळी होती. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली, ते तुम्हाला आठवत असेल. त्या वेगवान बोटीच्याही इंजिनाची चाचणीच चालू होती. ताबा सुटला आणि पंधरा माणसं गेली. प्रवाशानेच काढलेलं ते चित्रीकरण वहिनीने मोबाइलवर पाहिलेलं. बोट गोल वळून थेट समोर येते, ते दृश्य. तेव्हापासून 'स्पीडबोट' आणि 'चाचणी' हे दोन शब्द एकत्र आले की ती उठून आत जाते. तिला काय समजावणार? आपणही ते चित्रीकरण पाहिलेलंच आहे ना.

दादाचा आक्षेप मात्र वेगाला नव्हताच. तो बोट किनाऱ्यावर आली त्या दिवशी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "हेका उलांडी खंय?"

आता घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडच्या लहान होड्यांना एका बाजूला दोन वाशांच्या टोकाला एक लांब लाकूड बांधलेलं असतं, होडीला समांतर, पाण्यावर तरंगणारं. ती उलांडी. होडी अरुंद असते, एकटी असती तर कुशीवर वळली असती. उलांडी तिला धरून ठेवते. होडी उलांडीच्या बाजूला कलली तर लाकूड पाण्यात दबतं आणि पाणी त्याला वर ढकलतं, उलट बाजूला कलली तर लाकडाचं वजन तिला खाली ओढतं. शाळेत तरफेचा धडा शिकवताना मी कायम उलांडीचंच उदाहरण द्यायची, विज्ञानाच्या बाईंना ते आवडायचं नाही. असो. उलांडीशिवाय लहान होडी म्हणजे दादाच्या मते काठीशिवाय म्हातारा.

भाचा म्हणाला, "बाबा, हेका उलांडी लागणा नाय."

"ता मी ठरवतलंय," दादा म्हणाला. आणि त्या क्षणापासून चाचणी कशी घ्यायची हे सगळं त्यानेच ठरवलं.

बोट बांधणाऱ्याने आपला मेकॅनिक पाठवला होता. तरुण, बोलायला गोड. त्याने सुचवलं की सकाळी सातला निघू, समुद्र छान असतो. दादा हसला. "सकाळच्यान पिंप सोडलंस तरी ता सरळ जायत. तीन वाजता काढ."

भूगोल शिकवणारीला हे ऐकून काय आनंद झाला म्हणून सांगू! खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मी तीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवला. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. किनाऱ्याजवळ त्याला लाटा उठवायला जागाच मिळत नाही, म्हणून सकाळचं पाणी ताटात ठेवल्यासारखं. दुपारी जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो, तो खारा. तो लांबून पाणी ढकलत आणतो. तीन-चार वाजता मालवणासमोर छोट्या, उभ्या, चिडक्या लाटा असतात. पर्यटकांच्या शेवटच्या फेऱ्या नेमक्या त्याच वेळच्या. बोट विकणारा सकाळी बोलावणार आणि विकत घेणाऱ्याने दुपारी जायचं, हे पाठ्यपुस्तकात घालायला हवं होतं.

दादाची दुसरी अट वजनाची. रिकामी बोट कोणीही पळवेल. बारा माणसं न्यायची तर बारा माणसांचं वजन घाला. आम्ही चौघं बसणार होतो, भाचा, मेकॅनिक, दादा आणि मी. उरलेल्या आठ जणांचं पासष्ट किलोंप्रमाणे वजन होतं पाचशे वीस किलो. वाळूची चाळीस-चाळीस किलोंची तेरा पोती भरली, बाकांवर माणसं बसतात तशी बसवली आणि बांधली. एका पोत्याला शेजारच्या पोरांनी टोपी घातली होती.

वहिनी किनाऱ्यावर उभी होती. तिच्यासमोर भाच्याने लाईफ जॅकेटचे पट्टे सगळ्यांचे स्वतः आवळले. एक लाल, पिळाची दोरी त्याने मनगटाला अडकवली, तिचं दुसरं टोक इंजिनांच्या बटणाला. चालवणारा पडला तर दोरी सुटते आणि दोन्ही इंजिनं जागच्या जागी बंद. ती त्याने वहिनीला दोनदा ओढून दाखवली. ती काही बोलली नाही, पण आतही गेली नाही.

नोव्हेंबर २०२५ चा दुसरा आठवडा होता, दिवाळी होऊन गेलेली. इंजिनं सुरू झाली आणि पहिलं आश्चर्य म्हणजे आवाज. भाचा ज्या बोटीवर कामाला होता तिला जुनं टू-स्ट्रोक इंजिन होतं, पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, निळा धूर आणि कान किटेपर्यंत फटफट. ही फोर-स्ट्रोक इंजिनं उभ्या उभ्या चालू असताना शिवणाच्या मशीनइतकीही वाजत नव्हती. प्रत्येकाच्या मागून करंगळीएवढी पाण्याची धार पडत होती. मेकॅनिक म्हणाला, "आजी, या धारेवर लक्ष ठेवा. ती थांबली तर इंजिनाला थंड करणारं पाणी फिरत नाही असं समजायचं." तर मला हे काम मिळालं.

खडकांमधली वाट दादाने बोटाने दाखवली. भाच्याला ती वाट झोपेत येते, तरी त्याने निमूटपणे बोटाकडे पाहत बोट नेली. हे मला फार बरं वाटलं. किल्ल्याला वळसा घालून, पर्यटकांच्या आणि मासेमारीच्या बोटींपासून दूर, मोकळ्या पाण्यात गेल्यावर त्याने वेग वाढवला.

आधी काय होतं, नाळ वर उचलली जाते. पुढचं काही दिसेना. बोट चढावर चढणाऱ्या एसटीसारखी कुंथत होती आणि मी मनात म्हटलं, वीस लाख रुपये! एवढ्यात ती आडवी झाली. म्हणजे नाळ खाली आली, आवाज हलका झाला आणि बोट एकदम मोकळी सुटली. याला प्लेनिंग म्हणतात, हे भाच्याने मला आदल्या रात्री सांगितलं होतं. हळू चालणारी होडी पाणी बाजूला सारत चालते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेच्या मागे अडकते. नाळेची लाट आणि मागची लाट यांच्यामधल्या खळग्यात ती बसलेली असते. पुरेसा जोर असेल आणि बूड योग्य आकाराचं असेल तर ती त्या लाटेवर चढते आणि मग पाण्यातून न जाता पाण्यावरून जाते, चपटा दगड टप्पे खात जातो तशी. ऐकलेलं होतं सगळं. पण बुडाखालून पाण्याची पकड सुटल्याचं पायांना कळतं, ते ऐकून कळत नाही.

बांधणाऱ्याने भरल्या वजनाने अठरा नॉट्सचा शब्द दिला होता. बोटीवर जीपीएसचा पडदा होता आणि तो वेग दाखवत होता, पण मला घड्याळाशिवाय चैन नाही. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, ढोबळमानाने अक्षांशाचं एक मिनिट. पडद्यावर तेवढं अंतर आखून घेतलं. जाताना १७७ सेकंद, त्याच रेषेवर येताना १६८. दोन्हीकडून मोजायचं कारण वारा आणि प्रवाह एका बाजूने मदत करतात, दुसऱ्या बाजूने अडवतात. ३६०० ला भागून पाहा, एकीकडे २०.३, दुसरीकडे २१.४, म्हणजे सरासरी जवळजवळ २१. अठराचा शब्द आणि एकवीसचा हिशेब! विद्यार्थ्याने अपेक्षेपेक्षा जास्त गुण आणावेत तसं झालं. मेकॅनिकसुद्धा वहीत डोकावून पाहू लागला.

(नॉट म्हणजे गाठच. पूर्वी जहाजावरून एक फळी दोरीला बांधून पाण्यात टाकत. दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ. वाळूचं घड्याळ २८ सेकंदांचं. तेवढ्या वेळात हातातून जितक्या गाठी गेल्या तितका वेग. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, मग आता बारकी वाळू काय पोत्यात भरून आणलीस?)

पण दादा वेगाकडे पाहतच नव्हता. आम्ही दोघं आकड्यांत रमलेले असताना तो मागे तोंड करून बसला होता, बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेकडे बघत. मग त्याने भाच्याला सांगितलं, "दोरी वड."

भाच्याने आधी चारी बाजूंना पाहिलं आणि भर वेगात लाल दोरी ओढली. दोन्ही इंजिनं बंद. बोट चार-पाच लांबींत थांबली आणि सगळं शांत झालं. नाळ पाण्यात खाली बसली. आणि तेव्हा मला दिसलं की दादा कशाची वाट बघत होता. बोट थांबते, पण तिने उठवलेली लाट थांबत नाही. ती मागून येते. इंजिनं लावण्यासाठी मागची बाजू बुटकी ठेवलेली असते, आणि भरलेल्या बोटीत ती लाट तिथून आत शिरली तर काय होतं, हे समुद्रावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. लाट आली, बोटीची मागची बाजू उचलली गेली, थोडं पाणी इंजिनांजवळच्या खोलगट भागात आलं. त्याच्या पुढे गुडघाभर उंचीची एक आडवी भिंत आहे. पाणी तिला आपटलं आणि दोन भोकांतून जसं आलं तसं बाहेर गेलं. बसायच्या जागेत थेंब नाही. दादाने वाकून ती भोकं बोटाने चाचपली.

"परत," तो म्हणाला. असं तीनदा झालं.

मग उलांडीची परीक्षा. इंजिनं बंदच ठेवली. बोट वाऱ्याने वळून लाटांना आडवी झाली, दुपारच्या त्या चिडक्या लाटांना. दादाने पोती सोडायला लावली आणि सहा पोती आणि आम्ही चौघं असे सगळे एकाच बाजूच्या बाकावर. डॉल्फिन दिसला की पर्यटक नेमकं हेच करतात, सगळे एका कडेला, मोबाइल वर करून. बोट कलली. बरीच कलली. माझा हात आपोआप दादाच्या दंडाला गेला. लाट यायची, आणखी कलायची, वाटायचं आता पाणी कडेवरून आत येणार. पण एका ठरावीक जागेपर्यंत जाऊन ती अडायची. जणू खालून कोणी हात लावलाय. बूड रुंद आहे आणि कडा उभ्या, त्यामुळे एक बाजू जसजशी पाण्यात जाते तसतसं पाणी त्या बाजूला जास्त जोराने वर रेटतं. शिवाय तळाखाली बंद कप्पे आहेत, त्यांत फोम भरलेला.

भाचा म्हणाला, "बाबा, उलांडी पोटातच आसा."

दादा बोलला नाही. दहा मिनिटं आम्ही तसेच कललेले बसून राहिलो. मला मळमळायला लागलं, पण उठायची हिंमत नव्हती. लहानपणी आम्ही वडिलांच्या होडीत असेच गप्प बसायचो. मुंबईची आगबोट बाहेर नांगर टाकून उभी असायची आणि पडावातून माणसं तिच्यावर न्यायची, तेव्हाही कोणी उभं राहिलं की वडील नुसतं बघायचे आणि तो माणूस खाली बसायचा. दादाच्या तोंडावर तेव्हा हुबेहूब तीच नजर होती.

शेवटची परीक्षा परतीची. एक इंजिन बंद, दुसऱ्यावर घरी चला. एका इंजिनावर ती काही उडू शकत नाही, साध्या होडीसारखी पाणी सारत चालते. चाक किंचित एका बाजूला धरून ठेवावं लागतं, कारण जोर एकाच अंगाने. सहा नॉट्स मिळाले. दादा पहिल्यांदा हसला. चांगल्या वाऱ्याला शिडावर त्याची जुनी होडी जेमतेम तेवढं जायची. म्हणजे हिची मोडलेली चाल आणि तिची उत्तम चाल सारखीच!

जेटीला लागल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली, एकोणीस लिटर बसलं. दीड तासाची सगळी ओढाताण धरून. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे आहे, तेव्हा हा आकडा भाच्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा. त्याने हिशेबात पंचवीस धरलं होतं.

वहिनी दीड तास उभीच होती. दादा उतरला, जॅकेट काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बरी आसा." आमच्या घरात दादाच्या तोंडून 'बरी' हा शब्द आजवर मी माझ्या बी.ए.च्या निकालाला ऐकला होता आणि एकदा १९८० च्या सुमारास एका रापणीला.

रात्री सही झाली. पण अट घालूनच. मेरीटाइम बोर्डाचा सर्वेक्षक बारा माणसांची परवानगी देवो की चौदांची, बोटीवर आकडा रंगवायचा तो दहा. भाच्याने हिशेब मांडून दाखवला, दर फेरीला दोन माणसं कमी म्हणजे कर्ज फिटायला किती महिने जास्त. बरेच होतात. वर्षभराच्या आसपास. मलाही वाटलं की एवढी चांगली बोट, एवढ्या कडक परीक्षा, तर बारा न्यायला काय हरकत? तसं मी बोललेही. दादा म्हणाला, "वाळूची पोती उठान उभी रवणत नाय." यावर बी.ए.कडे उत्तर नव्हतं. भाचा थोडा वेळ कागदाकडे पाहत बसला आणि मग त्याने बाराच्या जागी दहा लिहून हिशेब नव्याने केला.

जुनी लाकडी होडी विकायची असं आधी ठरलं होतं, तिला गिऱ्हाईकही होतं. ते आता राहिलं. दादा रोज सकाळी तिला पाणी मारतो, नाहीतर फळ्या सुकून फटी पडतात.

सर्वेक्षण व्हायचं आहे. तोवर नवी बोट दांडीवर ताडपत्रीखाली आहे. वहिनी अजून तिच्यात बसलेली नाही आणि मीही आग्रह केला नाही. परवा तिचा फोन आला होता. दहा नवी लाईफ जॅकेटं आली म्हणाली, केशरी रंगाची. पट्टे मोजले का विचारलं तर म्हणाली, सगळे घालून बघितले, त्यातलं एक मापाने लहान आहे, ते वेगळं काढून कपाटात ठेवलंय.